मॉरोविंड पहिल्यांदा खेळताना: गुण ओळखावेत कसे आणि उणिवा सांभाळाव्यात कशा

'द एल्डर स्क्रोल्स ३: मॉरोविंड' हा बेथेस्डा गेम स्टुडिओजचा रोल-प्लेइंग गेम मे २००२ मध्ये संगणकावर आला आणि त्याच वर्षी एक्सबॉक्सवरही उपलब्ध झाला. आज तो नव्याने सुरू करणारे अनेक जण पहिल्या दोन-तीन तासांतच सोडून देतात, आणि त्यांच्या तक्रारी जवळजवळ नेहमी त्याच असतात. तलवार समोरच्याला लागत नाही, पात्र फार हळू चालते आणि नेमके कुठे जायचे ते कळत नाही. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मात्र पहिली थोड्या पूर्वतयारीने बऱ्याच अंशी दूर होते, दुसरी सुसह्य होते, आणि तिसरीच्या पोटातच या गेमचा सर्वांत मोठा गुण दडलेला आहे, असे माझे ठाम मत आहे.

मॉरोविंड समजून घेण्यासाठी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. हा गेम पात्राच्या पानावर लिहिलेल्या आकड्यांना आणि रोजनिशीत लिहिलेल्या शब्दांना शब्दशः मानतो. तुमच्या हातांची चपळाई तो फारशी मोजत नाही. पात्राला जे येत नाही ते तुम्हाला कितीही सफाईने करता येत असले तरी पात्राकडून होत नाही, आणि रोजनिशीत 'पुलाच्या पलीकडे' असे लिहिले असेल, तर तो पूल तुम्हालाच शोधावा लागतो. त्याचे गुण आणि दोष दोन्ही याच काटेकोरपणातून आलेले आहेत, त्यामुळे कोणता दोष सोसायचा आणि कोणता दुरुस्त करून घ्यायचा, हे ठरवणे हीच खरी पूर्वतयारी होय.

पात्र घडवताना

गेमची सुरुवात सेडा नीन या किनाऱ्यावरच्या लहानशा गावात होते. तिथल्या सरकारी कचेरीत पात्राचा वंश, व्यवसाय आणि जन्मरास निवडावी लागते. वंश १० आहेत, राशी १३ आहेत आणि कौशल्ये २७. या २७ पैकी ५ मुख्य आणि ५ दुय्यम म्हणून निवडायची असतात. मुख्य कौशल्ये ३० पासून सुरू होतात, दुय्यम १५ पासून, आणि उरलेली केवळ ५ पासून. त्यात वंशाचे आणि व्यवसायाच्या कलाचे गुण मिळवले जातात. अनेक नवे खेळाडू इथेच फसतात. सगळे थोडे थोडे यावे म्हणून ते तलवार, कुऱ्हाड, धनुष्य आणि चार प्रकारच्या जादू अशी खिचडी करतात, आणि मग त्यांच्या पात्राला कशातच गती नसते.

पहिल्या खेपेला एकच हत्यार निवडावे आणि ते मुख्य कौशल्यांत ठेवावे. उदाहरणार्थ, रेडगार्ड वंशाच्या पात्राला लांब पात्याच्या तलवारीसाठी १५ गुण जास्तीचे मिळतात. व्यवसायाचा कल लढाईकडे ठेवल्यास आणखी ५ मिळतात. म्हणजे ३०, १५ आणि ५ मिळून सुरुवातीलाच तलवारीचे कौशल्य ५० होते. राशींमध्ये 'लेडी' निवडल्यास काटकपणा आणि व्यक्तिमत्त्व प्रत्येकी २५ ने वाढतात, आणि नवख्यासाठी यापेक्षा निर्धोक रास मला दुसरी दिसत नाही. ज्यांना संथ चालण्याचा फारच जाच होईल असे वाटते, त्यांनी वेग २५ ने वाढवणारी 'स्टीड' रास घ्यावी. 'ॲट्रोनॅक' राशीचे पात्र पुढे फार बलाढ्य होते, परंतु झोप घेऊन त्याची जादूशक्ती भरत नाही, त्यामुळे ती रास दुसऱ्या खेळीसाठी राखून ठेवावी.

तलवार का लागत नाही

या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण मॉरोविंड सोडून देण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. पडद्यावर तलवार शत्रूच्या अंगातून आरपार जाताना दिसते, तरीही गेम आत फासे टाकत असतो आणि घाव बसला की चुकला हे फासेच ठरवतात. हिशोब असा आहे: हत्याराच्या कौशल्यात चपळाईचा पाचवा हिस्सा आणि नशिबाचा दहावा हिस्सा मिळवायचा, आणि आलेल्या बेरजेला दमाच्या प्रमाणाने गुणायचे. दम, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातली हिरवी पट्टी, पूर्ण भरलेला असेल तर १.२५ ने आणि पूर्ण संपलेला असेल तर ०.७५ ने. त्यातून शत्रूची घाव चुकवण्याची क्षमता वजा होते.

वरच्या रेडगार्डचे उदाहरण घ्या. तलवारीचे ५०, चपळाई ४० असल्याने त्याचे ८ आणि नशीब ४० असल्याने त्याचे ४, अशी बेरीज ६२ होते. दम पूर्ण असताना ती साधारण ७७ टक्क्यांवर जाते आणि दम संपलेला असताना ४६ वर येते. आता तेच पात्र कचेरीतल्या टेबलावर पडलेला लोखंडी खंजीर उचलून निघाले, आणि आखूड पात्याचे कौशल्य त्याने मुख्य किंवा दुय्यम यांपैकी कुठेच घेतलेले नाही, असे समजा. मग मुळातले ५ आणि रेडगार्ड वंशाचे ५ मिळून कौशल्य १० आणि बेरीज २२ होते. दम भरलेला असला तरी शक्यता २७ टक्के, आणि धावत येऊन दम पूर्ण संपलेला असेल तर १६ च्या आसपास. गावाबाहेरच्या पहिल्या खेकड्याने पराभूत केलेल्या बहुतेक खेळाडूंची गोष्ट एवढीच असते: चुकीचे हत्यार आणि रिकामी हिरवी पट्टी.

म्हणून तीन सवयी लावून घ्याव्यात. गावातल्या अरीलच्या दुकानातून आपल्या कौशल्याचे हत्यार विकत घ्यावे, आणि वाटेत सापडलेल्या चकचकीत पण परक्या हत्याराचा मोह धरू नये. शत्रू दिसताच धावणे थांबवून चालत पुढे जावे, कारण धावल्याने दम खर्च होतो. आणि सेटिंग्जमध्ये 'सर्वांत प्रभावी वार नेहमी वापरावा' अशा अर्थाचा जो पर्याय आहे, तो चालू करून माउसचे बटण पूर्ण ताण येईपर्यंत दाबून मग सोडावे. दम जादूच्या यशावरही परिणाम करतो, हेही विसरू नये. इतके करूनही लढाई जड वाटत असेल, तर काठिण्यपातळीची पट्टी थोडी खाली आणण्यात कोणताही कमीपणा नाही.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. घाव चुकला तर शत्रूने तो चुकवल्याचे दिसायला हवे होते. ते दिसत नाही, आणि म्हणून खेळाडूला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. या बाजूने पाहता मॉरोविंडमधली लढाई ही त्याची सर्वांत कमकुवत बाजू आहे आणि ती शेवटपर्यंत तशीच राहते. पण याच फाशांमुळे प्रगती जितकी जाणवते तितकी फार थोड्या गेममध्ये जाणवते. ज्या गुहेतून तुम्ही जीव मुठीत धरून पळालात, तिथे वीस तासांनी परतल्यावर प्रत्येक घाव बसतो, आणि तो फरक पात्राने खरोखर कमावलेला असतो. जगातले पुष्कळसे शत्रू आणि बहुतेक मौल्यवान वस्तू हातांनी ठरावीक जागी ठेवलेल्या आहेत, त्यामुळे सगळे जग तुमच्या पातळीबरोबर फुगत नाही.

रस्ता विचारत जाणे

नकाशावर बाण नाही, ठिपका नाही, डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन उभी राहिलेली माणसे नाहीत. लोक तोंडी पत्ता सांगतात आणि तो रोजनिशीत उतरवला जातो. बालमोरा शहरात कायस कोसेडस हा मुख्य कथानकाचा पहिला दुवा भेटतो. त्याने दिलेल्या पहिल्या खऱ्या कामात तुम्हाला हास्फाट अँटाबोलिस याच्याकडे जावे लागते, आणि तो ड्वेमर या लुप्त झालेल्या जमातीच्या आर्कन्गथँड नावाच्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणायला सांगतो. मूनमॉथ किल्ला मागे टाकायचा, फोयाडा ममाया नावाची लाव्हाची जुनी घळ ओलांडणारा ड्वेमर लोकांचा पूल गाठायचा, आणि पलीकडे नळीवरचा दांडा फिरवल्यावर दगडी दार उघडते. आतली पेटी मुठीएवढी आहे आणि मंद उजेडात एका फडताळावर ठेवलेली आहे. कित्येक खेळाडूंनी तिच्यासमोरून चारदा जाऊनही ती पाहिलेली नसते.

असे काम करताना रोजनिशी उघडी ठेवून वाक्य न् वाक्य वाचावे, प्रत्येक खूण प्रत्यक्ष दिसल्यावरच पुढचे वाक्य घ्यावे, आणि शेजारी एक कागदाची वही ठेवावी. वही हवीच, कारण मूळ गेममधली रोजनिशी तारखेप्रमाणे लांबत जाते आणि पन्नास पानांनंतर तिच्यात काहीही शोधणे हालाचे आहे. 'ट्रायब्युनल' या विस्तारात, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेल्या भागात, कामांच्या नावांप्रमाणे यादी पाहण्याची सोय झाली, तेव्हा विस्तारांसह मिळणारी आवृत्तीच घ्यावी. काही पत्ते मोघम आहेत, हेही मान्य केले पाहिजे. अर्धा तास शोधूनही जागा सापडली नाही, तर वाट दाखवणारे एखादे मार्गदर्शक पाहावे. पण पहिल्या पाच मिनिटांतच ते उघडण्याचे टाळावे. कारण खुणा शोधता शोधता, जिथे हा गेम घडतो त्या व्हार्डनफेल बेटाचा भूगोल डोक्यात बसतो, आणि काही दिवसांनी तुम्ही नकाशा न उघडता बालमोराहून कॅल्डेराला जाऊ लागता. ज्या जगात वाट विचारून जावे लागते, त्या जगात आपण राहिलो होतो असे नंतर वाटत राहते.

संथ चालण्यावर उतारा आहे, पण तोही जगाच्या आतच शोधावा लागतो. सिल्ट स्ट्रायडर नावाच्या महाकाय कीटकांच्या पाठीवरून शहरांदरम्यान प्रवास होतो. सेडा नीनहून बालमोरा, व्हिवेक, सुरान आणि ग्निसिस इथे जाता येते. बंदरांतून बोटी सुटतात. जादूगारांच्या संघाच्या पाच शाखांमध्ये क्षणात पोचवणारे वाटाड्ये असतात. जवळच्या मंदिरात किंवा साम्राज्याच्या देवळात नेणारे दोन मंत्र आहेत, आणि एखादी जागा खूण करून तिथे परतण्याची 'मार्क' आणि 'रिकॉल' ही जोडी आहे. ही जोडी शक्य तितक्या लवकर शिकावी किंवा तिचे ताईत घ्यावेत. या सगळ्या वाटा एकमेकींना जोडून लांबचा प्रवास आखणे ही एक स्वतंत्र मौज आहे, आणि नकाशावर बोट ठेवून उडी मारण्याच्या सोयीने ती पुढच्या काळात हिरावून घेतली, याची मला मनापासून खंत वाटते.

क्लिफ रेसर या उडत्या प्राण्यांचा उपद्रव मात्र कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. ते फार आहेत, कर्कश आहेत आणि प्रवासाची लय मोडतात. पुढच्या भागात, 'ऑब्लिव्हियन'मध्ये, मॉरोविंडच्या सुरुवातीला जहाजावर तुम्हाला उठवणाऱ्या ज्यूब या कैद्याने ते बेटावरून हाकलून दिल्याचे ऐकायला मिळते. निर्मात्यांनीच खेळाडूंचे गाऱ्हाणे ऐकून घेतल्याचा तो पुरावा मानायला हरकत नाही. तोवर एक धनुष्य किंवा दूरवर मारा करणारी जादू जवळ ठेवावी.

जगाशी बोलणे

मुख्य रचनाकार केन रोल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले हे बेट हा या गेमचा निर्विवाद विजय आहे. झाडांएवढ्या अळंब्या, राखेची वादळे, प्रचंड खेकड्याच्या कवचाच्या पोटात वसवलेल्या आल्डरून शहरातल्या हवेल्या, आणि टेल्व्हानी जादूगारांचे असे मनोरे की ज्यांना वर जायला जिनेच नाहीत, कारण ज्याला तरंगता येत नाही त्याला भेटण्याची त्या जादूगारांना इच्छाच नाही. तेव्हा टेल्व्हानींच्या गावी जाताना तरंगण्याच्या औषधाच्या दोन-तीन बाटल्या बरोबर ठेवाव्यात. जेरेमी सोल यांचे संगीत या भटकंतीला फार शोभते, पण रचना थोड्या असल्याने त्या पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

संवादांत दोष ठळक आहे. बहुतेक बोलणे केवळ लिखित आहे, विषयांची यादी क्लिक करत जायचे असते, आणि एकाच विषयावर रस्त्यातल्या दहा जणांकडून तोच परिच्छेद वाचायला मिळतो. उपाय असा की सर्वांशी सर्व बोलत बसू नये. नावापुढे विशेष व्यवसाय असलेल्यांशी, संघप्रमुखांशी आणि विद्वानांशी निवांत बोलावे, आणि गेममधली पुस्तके वाचावीत. रेड माउंटन या ज्वालामुखीवरच्या जुन्या लढाईत नेमके काय घडले, याची मंदिराची हकीकत एक, भटक्या ॲशलँडरांची दुसरी आणि बंडखोर पुरोहितांची तिसरी आहे. गेम त्यांपैकी कोणतीही खरी म्हणून शिक्का मारून देत नाही. तुम्हीच भाकितातला वीर आहात की नाही, हा प्रश्नही तितकाच उघडा ठेवलेला आहे. रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूच्या बुद्धीवर इतका विश्वास क्वचितच टाकला जातो.

मुख्य कथानकात घाई करू नये. कायस कोसेडस स्वतःच सांगतो की आधी एखाद्या संघात नाव नोंदवा, कामे करा, अनुभव घ्या; हा सल्ला अक्षरशः पाळावा. संघांत बढतीसाठी ठरावीक कौशल्ये ठरावीक पातळीपर्यंत लागतात, म्हणून जादू न येणारे पात्र जादूगारांच्या संघाचे प्रमुख होऊ शकत नाही, आणि हे फार योग्य आहे. मात्र योद्धा संघ आणि चोर संघ दोन्हींत एकाच वेळी जाणार असाल तर सावध असावे. योद्धा संघाच्या बालमोरा शाखेतले संकेतवहीचे काम थेट चोर संघाच्या सदस्याकडून वही मिळवण्याचे आहे. रेडोरान, ह्लालू आणि टेल्व्हानी या तीन घराण्यांपैकी एकाचेच होता येते. कथानकासाठी आवश्यक असलेले माणूसही तुमच्या हातून मरू शकते. तेव्हा भाकिताचा धागा तुटल्याची सूचना येते आणि पुढे काय करायचे ते तुमच्यावर सोडले जाते. यासाठी वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करत राहावे, एकाच फाइलवर अवलंबून राहू नये.

पातळी वाढवण्याचा वाकडा हिशोब

मुख्य आणि दुय्यम कौशल्यांत मिळून १० वाढी झाल्या की झोपल्यावर पातळी वाढते, आणि तेव्हा तीन गुणधर्म निवडून वाढवायचे असतात. त्या गुणधर्माशी निगडित कौशल्ये १० वेळा वाढलेली असतील तर ५ गुण मिळतात, एकदाही वाढलेली नसतील तर १. याचा विपरीत परिणाम असा की, अधिक गुणांच्या हव्यासाने खेळाडू आपल्याला आवडणारी कौशल्ये टाळून नको ती वाढवत बसतो. हा रचनेचा दोष आहे, आणि तो सोसण्याची गरज नाही. पहिल्या खेळीत हिशोब न ठेवता खेळले तरी गेम पूर्ण करता येतो. एक अपवाद मात्र पाळावा. प्रत्येक पातळीला काटकपणाच्या दहाव्या हिश्शाइतकी प्राणशक्ती वाढते, आणि काटकपणा उशिरा वाढवला तर मागच्या पातळ्यांची भरपाई मिळत नाही. म्हणून सुरुवातीच्या पातळ्यांत तो शक्य तितका वाढवावा. जड चिलखत, मध्यम चिलखत आणि भाला ही त्याची कौशल्ये आहेत, तेव्हा यांपैकी एक चिलखत वापरणे सोयीचे पडते.

मोडता येणाऱ्या गोष्टी

मंत्र आणि औषधे स्वतः बनवण्याचे स्वातंत्र्य इथे अफाट आहे. सेडा नीनजवळच्या रस्त्यावर आकाशातून एक जादूगार कोसळून मरतो. त्याच्याजवळ उडीचे तीन गुंडाळे सापडतात, जे उड्डाणकौशल्य ७ सेकंदांसाठी १००० ने वाढवतात. बिचारा उतरायचे कसे ते विसरला होता. एक गुंडाळा वापरून उडी मारावी आणि जमीन जवळ येताच दुसरा वाचावा, म्हणजे इजा होत नाही. त्याउलट बुद्धी वाढवणारी औषधे एकावर एक पिऊन त्या बुद्धीने आणखी प्रबळ औषधे बनवण्याची युक्ती गेमचा तोल पूर्णपणे घालवते. ती पहिल्या खेळीत वापरू नये. त्यानंतर कोणत्याच गोष्टीची किंमत राहत नाही.

पैशांची घडीही विस्कळीत आहे. सापडलेल्या वस्तूंची किंमत हजारोंत आणि दुकानदारांकडे रोकड शेकड्यांत. कॅल्डेरातल्या घोराक मॅनरमध्ये क्रीपर नावाचा एक स्कँप, म्हणजे छोटा राक्षस, राहतो, त्याच्याकडे ५००० नाणी असतात आणि तो वस्तू पूर्ण किमतीला घेतो. त्याच्याकडे जावे की नाही, हा आवडीचा प्रश्न आहे. मला विचाराल तर चांगल्या शिक्षकाकडे प्रशिक्षणाला पैसे लागू लागेपर्यंत त्याच्याकडे जाऊ नये.

आजच्या संगणकावर

मूळ इंजिन, म्हणजे गेम चालवणारी आतली प्रणाली, आजही चालते, पण ते अस्थिर आहे. ओपनएमडब्ल्यू या मुक्तस्रोत इंजिनावर खेळणे नव्या खेळाडूसाठी सर्वांत सुखाचे आहे. त्यासाठी मूळ गेमच्या फायली मात्र विकत घेतलेल्या असाव्या लागतात. मूळ इंजिनच वापरायचे असेल तर 'मॉरोविंड कोड पॅच' बसवावा. दोन्ही बाबतींत 'पॅच फॉर प्युरिस्ट्स' हा मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेला बदल, घ्यावा, कारण तो चुका दुरुस्त करतो आणि रचनेला हात लावत नाही. याखेरीज पहिल्या खेळीत मॉडचा ढीग करू नये. दूरवरचे दृश्य पूर्ण उघडण्याचा मोहही आवरावा. जुन्या धुक्यामुळे बेट प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कितीतरी मोठे वाटते. धुके काढले की एका टेकडीवरून दुसरे शहर दिसू लागते आणि वाट चुकण्यातली भीतीच जाते.

'ट्रायब्युनल' हा विस्तार नोव्हेंबर २००२ मध्ये आणि 'ब्लडमून' २००३ मध्ये आला. 'ट्रायब्युनल' बसवलेला असेल तर अगदी पहिल्या झोपेतच मारेकरी अंगावर येऊ शकतात. नवख्या पात्राला ते ठार करतात, आणि नशिबाने पात्र जिंकले तर त्यांचे उत्तम चिलखत विकून सुरुवातीची गरिबी एका रात्रीत संपते. दोन्ही गोष्टी खेळाला मारक आहेत. यासाठी हा हल्ला पुढे ढकलणारा एखादा छोटा मॉड सुरुवातीलाच बसवावा. 'ट्रायब्युनल'मधल्या मॉरनहोल्ड शहराला जाण्याची वाट एबनहार्टमधून आहे, आणि 'ब्लडमून'मधल्या सॉल्स्थाइम बेटाची बोट खूल या बंदरातून सुटते; दोन्हीकडे जाण्याआधी पात्र विसाव्या पातळीच्या आसपास असावे, आणि जमल्यास मुख्य कथानक तोवर संपवलेले असावे.